जाम इंजिन आणि घाईचा निकाल

इंजिन जाम झालं की हल्ली ते उघडायलाच कुणी तयार नसतं. "सीज झालंय साहेब, असेंब्ली टाकावी लागेल," हे सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर इतक्या सहज सांगितलं जातं की जणू वायपर बदलायचाय. अलीकडे या वाक्याला युक्तिवादाचं पाठबळही मिळू लागलंय. गाड्यांमधलं बऱ्यापैकी कळणारी माणसंही तो मांडतात, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणं भाग आहे.

युक्तिवाद असा. आजची इंजिनं जुन्या ॲम्बेसेडर-फियाटसारखी राहिलेली नाहीत. त्यांची मापं इतकी बारीक असतात की गल्लीतल्या मेस्त्रीने आणि लेथवाल्याने त्यांना हात लावणं म्हणजे खेळखंडोबा. उघडा, बोअर करा, सुटे भाग शोधा, यात महिना जाणार; एवढं करून इंजिन टिकेल याची हमी कोण देणार? त्यापेक्षा कंपनीचं नवं इंजिन किंवा हाफ इंजिन (हेड सोडून ब्लॉक, क्रँक आणि पिस्टनचा तयार संच) टाकावं, नाहीतर गाडी आहे तशी विकून मोकळं व्हावं. आणि शेवटी, इंजिन जाम होतं ते मालकाच्या हलगर्जीपणामुळेच, तेव्हा बिलावर कुरकुर कसली?

यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे. पण ती सगळी एकापुढे एक ठेवून जो निष्कर्ष काढला जातो, तो साफ चुकीचा आहे आणि त्याची किंमत बहुतेक वेळा लाखाच्या घरात जाते.

मुळात इंजिन फिरत नाही, एवढंच त्या घटकेला आपल्याला माहीत असतं. का फिरत नाही, ते माहीत नसतं. बॅटरी बसलेली असेल किंवा अर्थिंगची तार गंजलेली असेल, तरी स्टार्टर नुसता 'खट्' करून गप्प बसतो. स्टार्टरचा दात फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकला तरी इंजिन हलत नाही. अल्टरनेटरचं किंवा एसीच्या पुलीचं बेअरिंग धरलं तर फॅनबेल्ट इंजिनाला मागे ओढून धरतो. बेल्ट काढला की तेच इंजिन मोकळं फिरतं. या सगळ्या गाड्यांच्या जॉबकार्डावर 'इंजिन सीज' लिहिलेलं असू शकतं, आणि यातल्या एकाही गाडीत इंजिनाला काहीही झालेलं नसतं.

त्यानंतर येतात खरोखर जाम झालेली इंजिनं, आणि तीही एका जातीची नसतात. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं इंजिन, सहा-आठ महिने उभं राहून रिंगा गंजलेलं इंजिन, तापून पिस्टन धरलेलं इंजिन आणि ऑइलविना बेअरिंग चिकटलेलं इंजिन, यांच्यात साम्य एवढंच की चारही फिरत नाहीत. पहिल्या दोन प्रकारांत इंजिन पुष्कळदा वाचतं. तिसऱ्यात काय वाचलं ते हेड उतरवल्यावरच दिसतं. चौथ्यात खर्च मोठा असतो, पण तोही संपूर्ण इंजिनाएवढाच असतो असं नाही. हे वेगळं करून पाहण्यासाठी कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, प्लग काढायचे, फॅनबेल्ट सोडवायचा, क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावायचं आणि लांब दांड्याने सावकाश ताण द्यायचा. इंजिन किती हललं, कुठे अडलं, अडलं तेव्हा टणक लागलं की चिवट, यावरून जाणत्या मेस्त्रीला निम्मं उत्तर मिळतं. एवढ्यालाही फाटा देऊन जे एस्टिमेट काढलं जातं, ते तपासणीवरून काढलेलं नसतं, अंदाजावरून काढलेलं असतं.

पाण्याचं प्रकरण आपल्याकडे सर्वांत जास्त, म्हणून त्यावर जरा थांबतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी आणि त्यानंतर मुंबईत किती इंजिनं बसली याचा हिशेब कुणाकडे असेल असं वाटत नाही. तेव्हापासून मिलन सबवे, हिंदमाता, अंधेरी सबवे या पाणी तुंबणाऱ्या जागांची नावं मेस्त्री लोकांना कॅलेंडरसारखी पाठ झाली आहेत. आता 1200 सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन घ्या. एका सिलिंडरच्या वाट्याला 300 सीसी येतात. कॉम्प्रेशनचं प्रमाण दहास एक धरलं, तर पिस्टन अगदी वर आल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा जेमतेम 33 मिलिलिटर. म्हणजे साधारण दोन मोठे चमचे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एअर फिल्टरच्या नळीतून तेवढं पाणी आत गेलं की पिस्टन वर येता येता आपटून थांबतो. डिझेलमध्ये ही जागा आणखी कमी असते.

अशा इंजिनाला 'सीज' ठरवून टाकणं जेवढं चूक, तेवढंच "काही नाही हो, धक्का मारा, होईल चालू" असं सांगणं घातक. नव्या इंजिनाचा आग्रह धरणाऱ्यांशी माझं भांडण आहे, म्हणजे मी धक्का-स्टार्टवाल्यांच्या बाजूचा आहे असं कुणी समजू नये. उलट निम्मी वाचण्याजोगी इंजिनं हेच लोक मारतात.

2021 च्या जुलैत चिपळुणात वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं, त्यानंतरच्या दिवसांत ओळखीच्या एका गॅरेजमध्ये अशीच एक पेट्रोल गाडी आली होती. घरापुढे उभी असताना बुडालेली. पाणी ओसरल्यावर घरच्या पोरांनी उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये ढकलून पाहिली होती, आणि पुढची चाकं घासत जाऊन ती थांबली होती. कंपनीच्या सेंटरने बॉनेट उघडून, एकदा किल्ली फिरवून पूर्ण इंजिनाचा आकडा लिहून दिला होता. मेस्त्रीने आधी ऑइलची पट्टी ओढली. ऑइल दुधाळ झालेलं. मग एकेक प्लग काढला. सगळे चिखलाळ. प्लगच्या भोकांवर फडकं टाकून त्याने क्रँकला पाना लावला आणि दोन्ही हातांनी ओढलं, तशी फडक्याखालून गढूळ पाण्याची पिचकारी उडून बॉनेटच्या आतल्या बाजूला जाऊन आदळली. इंजिन फिरलं. मालकाचा चेहरा उजळला, पण मेस्त्री काही खूश नव्हता. त्याने एक बारीक सळई प्लगच्या भोकातून आत सोडली, पिस्टन अगदी वर आणून सळईवर खूण केली, आणि हेच चारही सिलिंडरना करून त्या खुणा शेजारी शेजारी धरल्या. तिसऱ्या सिलिंडरची खूण बाकीच्यांच्या वर होती, साधारण एका मिलिमीटरने. म्हणजे पिस्टन पूर्ण वर येत नव्हता. कनेक्टिंग रॉड वाकला होता.

ही गोष्ट नीट पाहावी, कारण वादाचा कणाच इथे आहे. त्या इंजिनातलं पाणी काढून, ऑइल बदलून ते त्याच दिवशी चालू करता आलं असतं. ते चाललंही असतं, थोडं थरथरत, काही आठवडे. मग एखाद्या दिवशी वाकलेला रॉड तुटून ब्लॉकला भगदाड पाडून बाहेर आला असता, आणि तेव्हा मात्र असेंब्लीवाल्यांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं असतं. दुसऱ्या टोकाला, कंपनीच्या आकड्यावर सही झाली असती तर तीन धडधाकट सिलिंडर, शाबूत क्रँक आणि शाबूत हेड भंगारात गेलं असतं. प्रत्यक्षात लागलं ते एक रॉड, एक पिस्टन, रिंगांचा संच, बेअरिंग, हेड गॅस्केट आणि सगळ्या नळ्यांची सफाई. दोन्ही टोकांचे सल्ले एकाच कारणाने फसले: आत काय आहे ते पाहण्याआधीच दिले गेले होते.

आता मापांचा मुद्दा. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी असते, हे खरंच आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडापेक्षा साधारण दुपटीने फुगतं. 70 मिलिमीटरचा पिस्टन शंभर अंशांनी जास्त तापला तर तो सुमारे 0.16 मिलिमीटर फुगतो आणि बिडाचा सिलिंडर तेवढ्याच तापाने 0.08 च्या आसपास. फट मुळातच 0.04 ची असेल तर पिस्टन धरणार, यात नवल नाही. पण या बारकाईवरून 'म्हणून गावात दुरुस्ती होणार नाही' असं कसं निघतं? ज्या मायक्रॉनची भीती घातली जाते, तो मायक्रॉन भोसरीत, चाकणमध्ये, नाशिकच्या अंबडमध्ये, कोल्हापूरच्या शिरोलीत रोज मोजला जातो. तिथे मोठ्या वाहन कंपन्यांसाठीच सुटे भाग घडतात. कोल्हापूरच्या उद्यमनगराने तर शेतावरच्या ऑइल इंजिनांचे लायनर बदलत आणि क्रँक घासत पिढ्या काढल्या. सुटा भाग बनवून कंपनीला पुरवतो तोपर्यंत हा कारागीर 'व्हेंडर' असतो, आणि तेच माप तुमच्या सिलिंडरला लावायला निघाला की 'गल्लीतला लेथवाला' होतो.

शिवाय दुरुस्तीची सोय कित्येक इंजिनांच्या बाबतीत बनवणाऱ्यानेच करून ठेवलेली असते. सिलिंडरवर ओरखडे आले तर तो 0.25 किंवा 0.50 मिलिमीटरने मोठा बोअर करायचा आणि त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा. क्रँकवर रेघा पडल्या तर तो ग्राइंड करून त्या मापाच्या जाड बेअरिंग बसवायच्या. हे भाग छापील पार्ट नंबरसह मिळतात. ते काही जुगाड नव्हे.

सगळ्याच इंजिनांना हे लागू पडत नाही, हे मी मान्य करतो. काही मोटरसायकलींच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून निकेलचा कडक थर असतो; तिथे बोअर करण्याचा प्रश्नच येत नाही, सिलिंडर-पिस्टनचा संचच बदलावा लागतो. काही क्रँकचा वरचा थर मुद्दाम टणक केलेला असतो, तो घासला की निकामी. हेडमध्ये कॅमशाफ्ट जिथे टेकते ती जागाच खरवडली गेली असेल तर हेड गेलं. रॉडने ब्लॉक फोडला असेल तर बोलायलाच नको. अशा वेळी हाफ इंजिन टाकणं हाच शहाणपणा, आणि मी स्वतः तेच सुचवीन. फक्त, फुटलेला ब्लॉक मला दाखवा. आणि लेथवालाही पारखून घ्यायला हवा. बोअर गेज न लावता सिलिंडरमध्ये बोट फिरवून "पंचवीसमध्ये निघेल" म्हणणारा भेटला तर ब्लॉक उचलून सरळ घरी आणावा.

"नवीन टाकलं की निवांत," या दाव्यात तर मोठीच फसगत आहे. इंजिन जाम झालं ते कशामुळे? रेडिएटर चोंदला होता? पंख्याची रिले गेली होती? थर्मोस्टॅट बंदच अडकला होता? वॉटर पंपाची पाती झिजली होती? की संपमधल्या गाळणीवर काळा चिखल साचून ऑइल वरपर्यंत पोचतच नव्हतं? यातल्या बऱ्याच गोष्टी नव्या असेंब्लीबरोबर येत नाहीत. जुन्याच पुन्हा जोडल्या जातात. कारण न शोधता नवं इंजिन त्याच चोंदलेल्या रेडिएटरला जोडलं, की पहिल्या मोठ्या घाटात तेही त्याच वाटेने जातं. मग वॉरंटीचा कागद काढला तर त्यात कूलिंग सिस्टिमची सफाई मालकाने करून घेतली नसल्यास जबाबदारी नाही, असं बारीक अक्षरात सापडण्याची शक्यता दाट. जुनं इंजिन उघडलं तर कारण हाती लागतं. एकाच पिस्टनला एका बाजूने ओरखडे असतील तर गोष्ट वेगळी, चारही पिस्टन सारखेच भाजले असतील तर वेगळी, आणि बेअरिंगचा निळसर-काळा झालेला पत्रा पाहिला की ऑइल कधीच पोचलं नव्हतं हे सांगायला कुणी लागत नाही.

कागदपत्रांचा घोळ तर कुणी काउंटरवर सांगतच नाही. इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो, त्यामुळे हाफ इंजिन टाकलं तरी नंबर बदलतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलल्याची नोंद आरटीओकडे करून आरसीत घ्यावी लागते. पॉलिसीत नंबर बदलून घ्या, कर्ज असेल तर बँकेला कळवा. ज्यांना कंपनीचं इंजिन महाग वाटतं ते कुर्ल्याच्या नाहीतर आणखी कुठल्या जुन्या मालाच्या बाजारातून सेकंडहँड इंजिन उचलतात; ते कुठल्या गाडीतून निघालं, ती अपघातातली की चोरीची, हे बिल नसेल तर कळायला मार्ग नाही. पुढे गाडी विकताना नंबर जुळला नाही की पोलिसांच्या प्रश्नांना उत्तर मालकानेच द्यायचं. आपल्याच ब्लॉकला बोअर केलं तर यातलं एकही झेंगट मागे लागत नाही.

मालकाच्या हलगर्जीपणाचं काय? आहे ना, पुष्कळ आहे. ऑइलच्या कॅनचा लाल दिवा लागलेला असताना "पुढच्या पंपावर बघू" म्हणत पाच किलोमीटर जाणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. तो दिवा ऑइल कमी झाल्याची सूचना देत नाही, ऑइलचा दाब गेल्याचं सांगतो. तिथेच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करणं एवढंच हातात असतं. पण तापलेल्या इंजिनांच्या बाबतीत सगळं खापर मालकावर फोडणं अन्यायाचं आहे. कित्येक छोट्या गाड्यांतून कंपन्यांनी तापमानाचा काटाच काढून टाकला आणि त्या जागी एक दिवा ठेवला, जो पाणी उकळायच्या बेतात आल्यावर पेटतो. नळी फुटून कूलंट भसकन वाहून गेला तर सेन्सर कोरडा पडतो, आणि पाण्यात बुडालेला नसलेला सेन्सर धड तापमान सांगत नाही. डॅशबोर्ड शांत आणि आत हेड वाकतंय, असंही होतं.

टू-स्ट्रोक स्कूटरच्या काळात पिस्टन धरणं ही रोजची बाब होती. पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडलं, खंबाटकी घाटाच्या चढावर डबलसीट गाडी तापली, की इंजिन जाम व्हायचं. चालवणारा क्लच दाबून बाजूला घ्यायचा, अर्धा तास थंड होऊ द्यायचा आणि किक मारून हळूहळू घरी जायचा. नंतर मेस्त्री पिस्टनवर चढलेले ओरखडे घासून, रिंगा बदलून द्यायचा. त्या लोकांना इंजिन जाम झाल्याची भीती नव्हती, कारण आत काय झालंय ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असायचं. उभ्या राहून गंजलेल्या इंजिनाबाबतही तेच. 2020 च्या टाळेबंदीनंतर अशी कितीतरी इंजिनं प्लगच्या भोकातून थोडं डिझेल सोडून, रात्र-दोन रात्री भिजत ठेवून, पुलीवरून मागे-पुढे अलगद हलवत सुटली. घाई करून स्टार्टर मारणाऱ्यांच्या रिंगा तुटल्या.

उरला विमा. इथे विमा कंपन्यांचा युक्तिवाद सर्वांत कडक आणि, खरं सांगायचं तर, सर्वांत सोयीस्कर असतो. नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि परिणामी नुकसान वगळलेलं असतं. पुराचं पाणी गाडीत शिरलं तर सीट, वायरिंग, सफाई यांचे पैसे मिळतात. इंजिन मात्र "तुम्ही पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला गेलात, म्हणून गेलं," असं म्हणून बाजूला काढलं जातं. इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर घेतलं असेल तर गोष्ट निराळी, आणि तेही गाडी ठरावीक वर्षांपेक्षा जुनी झाली की बहुतेक कंपन्या देत नाहीत. पण मालकाने किल्ली फिरवली होती हे ठरवलं कुणी, आणि कशावरून? न उघडलेल्या इंजिनावरून ते ठरवता येत नाही. रॉड सरळ असेल आणि सिलिंडरला नुसता गंज असेल, तर गाडी उभी असताना बुडाली हे इंजिनच सांगतं. रॉड वाकला असेल आणि सिलिंडरच्या वरच्या कडेला कार्बनचा पट्टा इतरांपेक्षा रुंद असेल, तर वाकल्यानंतरही इंजिन चाललं, हेही तेच सांगतं. म्हणजे उघडून पाहणं मालकाच्या विरोधातही जाऊ शकतं. जाऊ दे. निदान पुरावा तरी असेल.

म्हणून गाडी पाण्यातून निघाली असेल तर बॅटरीची तार सोडवा, किल्लीला हात लावू नका, गाडी टो करून न्या, आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत हेड उतरवू देऊ नका. तो आला की त्याच्या आणि तुमच्या समक्ष प्लग निघाले पाहिजेत, पिस्टनची उंची मोजली गेली पाहिजे, हेड उतरलं पाहिजे. प्रत्येक टप्प्याचे फोटो तुमच्याही फोनमध्ये हवेत. गॅरेज "आमच्याकडे कस्टमरला आत सोडत नाहीत" म्हणालं तर जॉबकार्डावर तसं लिहून मागा. बहुतेक वेळा लिहायची वेळ आली की दार उघडतं. दावा नाकारला गेला तर नकाराचं कारण लेखी घ्या आणि विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत आणि तक्रारीला फी नाही. आणि एवढं सगळं होऊन शेवटी असेंब्लीच टाकायची ठरली आणि पैसे तुम्ही खिशातून भरत असाल, तर जुना क्रँक, पिस्टन आणि रॉड तुमच्या मालकीचे आहेत. ते डिकीत ठेवून घेऊन या आणि दुसऱ्या एखाद्या जाणत्या मेस्त्रीला दाखवा.